प्लॅनमध्ये नफा दिसतोय, तरी महिनावार कॅश फ्लो कशाला मागतात?

नवखा_उद्योजक:
छोटं मॅन्युफॅक्चरिंग युनिट टाकायचंय, कर्जासाठी बिझनेस प्लॅन लिहिलाय. मार्केट, स्पर्धक, मशिनरी सगळं घातलं, पाच वर्षांचा नफा-तोटाही काढला आणि पहिल्याच वर्षी नफा दिसतोय. माल कंपन्यांना जाणार, ४५ दिवसांच्या उधारीवर. तरी कर्ज देणारे म्हणतात महिनावार कॅश फ्लो आणा, म्हणजे कुठल्या महिन्यात किती पैसा येणार-जाणार त्याचा तक्ता. नफा आहे म्हणजे पैसा आहेच ना? तेच आकडे बारा कॉलममध्ये फोडून काय मिळणार?

खातेवही:
मेख तिथेच आहे राव. नफा बिल फाडलं की दिसतो, पैसा पार्टी देईल तेव्हा येतो. समजा कच्चा माल आणि तयार माल मिळून २० दिवस पडून राहतो, पुढे ४५ दिवस उधारी, आणि तुमचा सप्लायर तुम्हाला १५च दिवस देतो, म्हणजे २० + ४५ − १५, हे ५० दिवस तुमचा पैसा अडकलेला. तेवढ्यात पगार, भाडं, लाइटबिल थांबणार आहे का? आणि ऑर्डरी वाढल्या की अडकणारा पैसाही वाढतो, म्हणून धंदा जोरात चालू असताना माणूस कंगाल होतो, लोकांना हे खरंच वाटत नाही.

दुसरं, हप्त्यातलं फक्त व्याज नफा-तोट्यात खर्च म्हणून जातं, मुद्दल जात नाही, पण खात्यातून दोन्ही जातात. घसारा, म्हणजे मशीनची किंमत दरवर्षी थोडी थोडी खर्चात धरणं, उलटा, नफ्यातून वजा होतो पण खिशातून काही जात नाही. कर्ज देणारा बघतो ते हप्ता भरायला रोकड उरते का, नुसता नफा बघून त्याला काय करायचंय.

बिनधास्त:
हे सगळं कागद रंगवणं आहे. तीन महिन्यांत सगळे आकडे चुकतात. विकायला लागा आधी.

हिशेबी:
@बिनधास्त चुकणारच, पण कुठला आकडा चुकला ते तरी कळतं, विक्री पडली की वसुली लांबली. पाच वर्षांच्या शीटबद्दल मात्र तुमच्याशी सहमत, तिसऱ्या वर्षापासून पुढे निव्वळ अंदाजपंचे असतं, मागतात म्हणून द्यायचं.

@नवखा_उद्योजक ब्रेक-इव्हन काढलात का? महिन्याचा ठरलेला खर्च ६०,०००, नग विकतो १०० ला, त्यावरचा थेट खर्च ६०, उरले ४०. म्हणजे १,५०० नग विकले की ना नफा ना तोटा. ठरलेल्या खर्चात स्वतःचा पगार धरा, बरेच जण तो शून्य धरतात आणि मग प्लॅन छान दिसतो. मग एकदा विक्री ३० टक्के कमी धरून बघा आणि एकदा वसुली महिनाभर उशिरा धरून.

नवखा_उद्योजक:
केलं. वसुली उशिरा धरली तर चौथ्या-पाचव्या महिन्यात शिल्लक मायनसमध्ये जातेय 😐 मग मशीनचं कर्जच जास्त मागू का?

खातेवही:
नको. मशीनला लांब मुदतीचं कर्ज आणि खेळत्या भांडवलाला (माल, उधारी, रोजचा खर्च) वेगळी कॅश क्रेडिट लिमिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत लागेल तसा पैसा काढायचा आणि परत भरायचा, दोन्ही मिसळू नका, नाहीतर दोन महिन्यांच्या अडचणीसाठी कित्येक वर्षं व्याज भरत बसाल. त्याआधी सप्लायरकडून ३० दिवस मिळतात का आणि पार्टी थोडा ॲडव्हान्स देते का ते विचारा, तो आकडा शीटमध्ये टाका आणि मगच लिमिट किती ते ठरवा.