पोकलेनवर तीन सेन्सरचे कोड एकदम येतात, सेन्सर बदलूनही जात नाहीत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

२० टनी पोकलेन आहे, इलेक्ट्रॉनिक इंजिनची, २४ व्होल्ट. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा कुठली कंपनी चांगली यावरच जाते. सध्या बीड भागात पाझर तलावातला गाळ काढायचं काम चालू आहे.

भरलेली बकेट घेऊन स्विंग मारला की बझर वाजतो, लाल दिवा लागतो आणि आरपीएम धाडकन खाली येतो. चावी बंद-चालू केली की कधी तासभर बरी चालते, कधी लगेच परत तेच. डिस्प्लेवरचे कोड:

एसपीएन १०० एफएमआय ४
एसपीएन १०२ एफएमआय ४
एसपीएन ३५०९ एफएमआय ४

मेकॅनिक म्हणाला ऑइल प्रेशर सेन्सर गेला. नवा टाकला, तरी परत तिन्ही कोड हजर. आता म्हणतो बूस्ट सेन्सर बदलू, त्यानंही नाही भागलं तर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. ईसीएमचा आकडा ऐकून मी विषयच बदलला. ऑपरेटरचं तिसरंच, "मालक, ऑइल सेन्सरचा कपलर (वायरचा प्लग) काढून ठेवू, चालतंय तसं चालू द्या."

माझ्याकडे मल्टीमीटर आहे, स्कॅनर नाही. कुठे काय मोजू? पाऊस तोंडावर आलाय. तलावात पाणी साठलं की हे काम थेट पुढच्या उन्हाळ्यावर.

---

वायरमन_दादा:

ऑपरेटरला आधी आवरा. ऑइल प्रेशरचा कपलर काढून मशीन चालवली आणि उद्या खरंच प्रेशर पडलं, तर सांगायला कोणी उरणार नाही. सेन्सरच्या जागी मेकॅनिकल गेज लावून इंजिनचं खरं प्रेशर एकदा बघून घ्या. ते बरोबर असेल तर भीती गेली, मग निवांत वायरिंगच्या मागे लागा.

आता कोड. एसपीएन सांगतो कुठलं सर्किट, एफएमआय सांगतो काय बिघडलं. १०० म्हणजे इंजिन ऑइल प्रेशर, १०२ म्हणजे इनटेक मॅनिफोल्डचं (इंजिनात जाणाऱ्या हवेचं), आपल्या भाषेत बूस्टचं प्रेशर. ३५०९ हा सेन्सरच नाही, सेन्सरना जाणारा सप्लाय आहे. एफएमआय १ असता तर अर्थ झाला असता "सेन्सर ठीक आहे, प्रेशरच खरं कमी आहे", तेव्हा इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं. तुमचा ४ आहे, म्हणजे व्होल्टेज हवं त्यापेक्षा खाली, किंवा वायर अर्थला (मशीनच्या लोखंडाला) लागलीय. ३ आला तर उलटं, व्होल्टेज वर. ५ म्हणजे सर्किट तुटलेलं. एवढे तीन-चार पाठ असले तरी निम्मं काम होतं.

ईसीएम ५ व्होल्ट एका वायरवर सोडतो आणि त्याच वायरवरून दोन-तीन सेन्सर जेवतात. ती एक वायर कुठेतरी अर्थला टेकली की सगळे एकदम उपाशी, आणि प्रत्येकजण आपापला कोड टाकतो. तुमच्या यादीत महत्त्वाचा कोड शेवटचा आहे. मेकॅनिकनी पहिला वाचला आणि सेन्सर आणायला गेला. बूस्ट सेन्सर आत्ता घेऊ नका.

मोजायचं असं: कोड चालू असताना चावी ऑन, इंजिन बंद. ऑइल प्रेशरचा कपलर काढा, तीन पिन दिसतील: ५ व्होल्ट, अर्थ, सिग्नल. ५ व्होल्टच्या पिनवर किती येतात ते लिहा. तसेच पडलेले असतील तर त्या सप्लायवरचे बाकीचे सेन्सर एकेक करून काढत जा, मीटरवर नजर ठेवून. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत येतील तो सेन्सर आतून शॉर्ट. सगळे काढूनही नाही आले तर दोष हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) किंवा ईसीएममध्ये.

टेस्ट लॅम्प लावू नका, ५ व्होल्टच्या लाइनवर तो जास्त करंट ओढतो. आणि वायरला सुई टोचून मोजायची सवय असेल तर सोडा, त्या भोकातून पाणी शिरतं आणि वर्षभरानं आतली तार हिरवी होऊन तुटते.

---

मूळ प्रश्नकर्ता:

धन्यवाद दादा. गेज लावला, ऑइल प्रेशर एकदम ठीक. बॅटरी २५.१ व्होल्ट. ५ व्होल्टच्या पिनवर ०.६. दोन्ही प्रेशर सेन्सरचे कपलर काढले, तरी ०.६ च. मेकॅनिक म्हणतोय, "बघा, ईसीएमच."

---

डिझेलवाला:

इतक्यात नाही. बॅटरी कट-ऑफ बंद करा, ईसीएमचा इंजिन बाजूचा कपलर काढा, सेन्सरचे कपलर काढलेलेच ठेवा. आता ५ व्होल्टची वायर आणि चेसिस यांच्यात ओहम मोजा. दोन्ही टोकं मोकळी आहेत, तेव्हा मीटरनं काहीच दाखवायला नको. दोन-चार ओहम दाखवले तर ईसीएम निर्दोष, वायर कुठेतरी लोखंडाला लागलीय. आणि स्विंगवर येतो म्हणजे घासूनच असणार. मीटर लावून ठेवा, एकानं हार्नेस इंचाइंचानं हलवत जायचं. आकडा उडाला की तिथेच थांबा.

पिन मॅन्युअलमध्ये बघूनच धरा, रंगावर विश्वास ठेवू नका. आमच्या एका मशीनवर आधी कोणीतरी हार्नेसला लाल वायरचा तुकडा जोडला होता आणि तो निघाला अर्थ.

जाता जाता, मध्यंतरी बकेटच्या दातांना वेल्डिंग केलंय का? करताना बॅटरी आणि ईसीएमचे कपलर काढत जा आणि वेल्डिंगचा अर्थ दाताजवळच लावा. खरोखर उडालेले जे ईसीएम मी पाहिलेत त्यातले बरेच वेल्डिंगनंतरचे.

---

मूळ प्रश्नकर्ता:

सापडलं! मीटर ३ ओहम दाखवत होता. स्टार्टरच्या वर जिथे हार्नेस ब्रॅकेटला क्लिपनं धरलाय तिथे हात लावला की आकडा जायचा. क्लिपमधलं रबर गायब, नुसती पत्री उरलेली. तिनं काळा पाइप कापून आत एका वायरचं प्लॅस्टिक नखाएवढं खाल्लं होतं. तांबं उघडं, आणि त्याच्यासमोर ब्रॅकेटवर घासून चकचकीत झालेली रेघ. फोटो काढला तर गाळाच्या धुळीत काही दिसत नाही. तात्पुरती टेप मारून वायर बाजूला बांधली, सगळे कपलर लावले, ५.०२ व्होल्ट आले. काल दिवसभर कोड नाही.

पक्कं काम सोल्डर करून करू का? आणि कोड अजून यादीत दिसतायत.

---

वायरमन_दादा:

वा! यादीत दिसतायत ते जुने, इनॅक्टिव्ह. शेजारी "किती वेळा आला" हा आकडा असेल तर लिहून ठेवा, वाढला नाही म्हणजे झालं. उडवायला स्कॅनरवाला बोलवायची घाई नको.

सोल्डर नको. इंजिनच्या थरथरीत सोल्डर जिथे संपतो तिथेच तार मोडते. क्रिम्पचा (पकडीनं दाबून केलेला) जोड आणि वरून आत गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी).

---

डिझेलवाला:

दादांशी थोडा असहमत. स्वस्तातल्या पकडीनं दाबलेला क्रिम्प सोल्डरपेक्षा वाईट. चांगली पकड नसेल तर सोल्डर करा, पण जोडाच्या दोन्ही बाजूंनी हार्नेस बांधून घ्या म्हणजे तिथे वाकणार नाही. क्लिप मात्र रबरवालीच टाका, आणि तशाच बाकीच्या क्लिपाही बघा. एका क्लिपचं रबर गेलंय म्हणजे बाकीच्यांचंही वय तेवढंच आहे.

काढलेला ऑइल प्रेशर सेन्सर फेकला नसेल तर पुसून टूलबॉक्समध्ये ठेवा. तो चांगलाच असणार.