छोट्या केबिनमध्ये सीलबंद पेटीच बरी

बारा इंची सबवूफरची (फक्त बेस वाजवणाऱ्या स्पीकरची) पोर्टेड, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेली पेटी डिकीत ठेवल्याशिवाय दोन सीटच्या गाडीत खरा बेस मिळत नाही, असं या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. केबिन लहान असणं इथे आपल्या फायद्याचं आहे. आवाजाची अर्धी तरंगलांबी केबिनच्या लांबीपेक्षा मोठी झाली की त्याखालचे सूर आपोआप उचलले जातात. केबिन साधारण दोन मीटर धरली तर हे ८५ हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. ही वाढ तत्त्वतः दर सप्तकाला (म्हणजे हर्ट्झ निम्मे होतील तसतशी) १२ डेसिबल, आणि सीलबंद पेटीचा आवाज खाली साधारण तेवढ्याच उताराने घटतो. दोन्ही एकमेकांना सावरतात. पत्रा थरथरतो, फटी असतात, म्हणून प्रत्यक्षात वाढ थोडी कमी मिळते, पण कानाला पुरेशी.

माझ्या पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये शेजारच्या सीटच्या पायाशी, कार्पेटमागे, आठ इंची उथळ सबवूफर सीलबंद पेटीत बसवलाय. बाहेरून काही दिसत नाही. सुरुवातीला बेस पोकळ वाटायचा. सबच्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि ड्रम थेट डॅशबोर्डसमोर आले! पेटी मोठी करण्याआधी हे नक्की करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. छप्पर उघडलं की मात्र ही केबिनची मदत जाते, त्यासाठी ॲम्प्लिफायरवर वेगळं सेटिंग ठेवलंय.