कुलपाच्या कायद्याबद्दल

‘अमेरिकेत बंदुकांवरून मतं इतकी दुभंगलीत की काही होणंच शक्य नाही’ हे वॉशिंग्टनपुरतं बरंचसं पटतं, पण राज्यांचं तसं नाही. मिशिगन राज्यात २०२१ साली ऑक्सफर्ड गावच्या शाळेत १५ वर्षांच्या मुलाने, वडिलांनी विकत आणलेल्या पिस्तुलाने चार विद्यार्थ्यांचा जीव घेतला. २०२४ मध्ये त्याच्या आईवडिलांना, दोघांनाही, सदोष मनुष्यवधाखाली तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीपासून तिथे अल्पवयीन मुलांच्या हाती लागू शकेल अशी बंदूक कुलपात ठेवणं सक्तीचं झालं. बंदूक बाळगणाऱ्यांपैकीही अनेकांना हे मान्य आहे, आणि मला तर फार आधी व्हायला हवं होतं असं वाटतं.

लेकीला मैत्रिणीकडे खेळायला पाठवताना मी आता सरळ विचारते: घरात बंदूक आहे का, कुलपात असते का? अजून कुणीही रागावलेलं नाही. इथल्या आपल्या मराठी पालकांनीही विचारावं, संकोच करू नये.