बंटीच्या झिंग्यानं कात टाकली

बंटी: झिंगा मेला. सकाळी पाह्यलं त मत्स्यटाकीत काचेपाशी उताणा पडला होता. दिवाळीपासून सांभाळला यार. फोटो टाकला पाहा.

मोठे बाबा: म्या त तवाच म्हणलो होतो. ४४ डिग्रीत माणूस टिकून नाई रायला, झिंगा काय टिकते.

सोनूताई: बंट्या, फेकू नको! फोटो मोठा करून पाहा. पाठीवर, डोक्याचं कवच अन् शेपटीचं कवच जुळते तिथं आडवी फट हाय ना? अन् आत पोकळ?

बंटी: हाव ताई. आत काहीच नाई. मुंग्यांनी खाल्लं का?

सोनूताई: पाण्यात कुठल्या मुंग्या बे 😄 कात टाकली त्यानं. त्या फटीतून मागं सरकत बाहेर निघते. मिशांच्या, डोळ्यांच्या वरचं कवचही मागंच राहते, म्हणून अख्खा झिंगा पडल्यासारखा दिसते. मेलेला असता त वास आला असता. पाईपात पाहा. हात नको घालू, मोबाईलची बॅटरी लाव.

बंटी: हाय हाय! पाईपातच हाय! मिशा हालवून रायला. रंग एकदम फिका पडला.

मोठी आई: देव पावला बाप्पा. मी त त्याच्यासाठी खड्डा खोदाले सांगणार होती.

बंटी: ताई, मंग ते जुनं कवच काढून टाकू ना? पाणी खराब होईन.

सोनूताई: नाई, राहू दे. तोच खाईन. त्यात चुना हाय अन् नवीन कवच कडक कराले त्याले तोच पायजे. कात टाकायच्या अगुदर तो थोडा चुना पोटात साठवते, २ पांढरे खडे तयार होते बटनासारखे. पण तेवढ्यानं भागत नाई. आता २-३ दिवस तो रबरासारखा मऊ राहीन. खाणं टाकू नको, पडून सडते. अन् ते २ गोल्डफिश आजच्या आज दुसऱ्या टपात काढ. एरवी हा त्यांच्या शेपट्या कापत होता, आता तेच याले टोचतीन.

मामी: आमच्या बोरचं पाणी चालते का त्याले? काचेवर पांढरे डाग पडते म्हणून बंटी मागं आरओचं टाकत होता.

सोनूताई: मामी, बोरचंच चांगलं. ते डाग क्षाराचे, म्हणजे पाण्यात चुना हाय. आरओच्या पाण्यात काय राहते? दर आठवड्याले चौथा हिस्सा पाणी बदलाचं, सगळं एकदम नाई.

बुढी आई: मी रोज तांब्याच्या गुंडातलं पाणी टाकतो त्यात. पोरा सारखंच हाय ते बी.

सोनूताई: आजी 😭 तांबं माणसाले ठीक, झिंग्याले जहर. थोडंसंबी नाई चालत. बंट्या, दुकानातून मच्छीच्या पांढऱ्या ठिपक्यांचं औषध आणलं होतं ना, त्याच्या बाटलीवर कॉपर लिहिलं असन त तेबी या टाकीत नाई.

बुढी आई: बरं. मंग माठातलं टाकतो.

बंटी: आजी, तू काहीच नको टाकू न.

छोटे काका: अन् लाईन गेली त? इथं रोज दुपारी २ तास जाते.

सोनूताई: तीच मोठी अडचण हाय काका. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावते, ३० डिग्रीले साडेसातवर येते. म्हणजे गरमीत हवा कमी अन् पंप बंद, दोन्ही संगंच. बॅटरीवरचा पंप घेऊन ठेव बंट्या. टाकीले ओलं पोतं गुंडाळ, कुलरसारखंच काम करते. पाणी थोडं कमी ठेव, म्हणजे लाईन नसली त तो दगडावर चढून हवेत येईन. झाकण मात्र घट्ट, वर वीट ठेव. पंपाच्या नळीवर चढून बाहेर निघते हे, अन् मंग सोफ्याखाली सुकलेलं सापडते.

मोठे बाबा: एवढी कटकट काहून? आपल्या शेतातल्या बोडीत, तळ्यात, सोडून द्या. गावचा मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, बी हाय. मोठा झाला त ढिवरभाऊच्या जाळ्यात येईन, खाऊ.

सोनूताई: मोठे बाबा, मजाकमधी बी नाई जी. हा आपला झिंगा नाई, क्रेफिश हाय. जगात याच्या ६०० च्यावर जाती, पण भारतात मूळची एकबी नाई. म्हणजे याले आवरणारं इथं कोण हाय, कोणाले माहीत. अमेरिकेतल्या लुइझियानाकडचा लाल क्रेफिश स्पेन-पोर्तुगालात सोडला, त त्यानं धानाच्या शेतात बिळं केली, रोपं कापली. आपल्याकडं धान काय कमी हाय?

छोटे काका: दादा, ऐका तिचं. साधा खेकडा धुऱ्याले भोक पाडते त एका रातीत बांधी कोरडी होते. सकाळी चिखल कोंबता कोंबता माझी कंबर जाते.

सोनूताई: अन् काका, त्याच्यात एक जात अशी हाय का नर लागतच नाई. सगळ्या माद्या. एकटी ठेवली तरी अंडी घालते, पिल्लं सगळी तिच्यासारखीच. १९९५ मध्ये जर्मनीत लोकांच्या मत्स्यटाक्यांत पहिल्यांदा दिसली. तिथून मादागास्करच्या धानात पसरली. युरोपनं २०१६ मध्ये विकाले, पाळाले बंदी घातली.

बंटी: माझा कोणता मंग? दुकानवाल्यानं नुसतं बेबी लॉबस्टर म्हणलं. निळा नाई, लाल नाई. राखाडी हाय, अंगावर संगमरवरासारखी नक्षी.

सोनूताई: ...

बंटी: ताई??

सोनूताई: त्या सगळ्या माद्यांच्या जातीची नक्षी अशीच राहते. नक्की नाई सांगत फोटोवरून. पण कवच कडक झालं का दर ४-५ दिवसांनी शेपटीखाली पाहा. साबुदाण्यापेक्षा बारीक, काळपट दाण्यांचा घोस दिसला त मले लगेच फोन कर. दिवाळीपासून एकटा हाय न तो?

बंटी: एकटाच. म्हणजे तो नाई, ती?

सोनूताई: तसंच वाटते. अन् पिल्लं झाली त वर्गातल्या पोट्ट्यांना वाटायची नाई. तलावात नाई, विहिरीत नाई, टाकीचं पाणी नालीत नाई, परसातल्या झाडाले टाकाचं. नको असलेली डब्यात भरून फ्रीजरमधी.

मोठी आई: माझ्या फ्रीजमधी नाई.

मोठे बाबा: सोनू, सुकसी, वाळलेली मच्छी, चालते का तिले? डब्यात पडली हाय.

सोनूताई: मिठाची नसन त चालते मोठे बाबा. परवापासून, नखाएवढी.

बंटी: ताई, जुन्या कवचाची एक नांगी आत्ताच गायब झाली.