फ्लॅटपॅक, डेब आणि गेलेली लाईट
लिनक्सवर अ‍ॅप टाकायचं तर 'टर्मिनलच्या (कमांड टाईप करायच्या खिडकीच्या) वाटेला जाऊच नका, सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये बटण दाबा आणि मोकळे व्हा' हा नेहमीचा सल्ला शहरातल्या फायबरवर ठीक. आमच्या देवगडात पावसाळ्यात लाईट जाते, पाठोपाठ रेंजही. इथे बटण दाबताना बघून घ्या, फ्लॅटपॅक (कुठल्याही लिनक्सवर चालणारं पॅकेज) निवडलंत तर एवढ्याशा अ‍ॅपसाठी पहिल्या वेळी रनटाइमसकट, म्हणजे अ‍ॅप चालायला लागणाऱ्या सामायिक फायलींसकट, शेकडो एमबी उतरतात. तेच डेबमध्ये, म्हणजे उबुंटू-मिंटच्या नेहमीच्या पॅकेजमध्ये, मिळत असेल तर ते घ्या.

राहिलेली गोष्ट अशी की उबुंटू-मिंटवर एपीटी, म्हणजे पॅकेजेस टाकायची टर्मिनलमधली कमांड, आधी सगळं उतरवतं, मग बसवतं. डाउनलोड तुटलं तर बिनधास्त तीच कमांड पुन्हा द्या, पूर्ण उतरलेली पॅकेजेस परत उतरत नाहीत. पंचाईत होते ती बसवताना लाईट गेली तर. मग काहीही टाकायला जा, 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' (पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम मध्येच थांबला) म्हणून अडून बसतं. माझा भाचा तेवढ्यावर अख्खी सिस्टीम नव्याने टाकायला निघाला होता! उपाय त्याच ओळीत लिहिलेला असतो: 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. पण इंग्रजी एरर दिसली की पुढचं वाचतो कोण? मी तर रेंज असेल तेव्हा 'एपीटी इन्स्टॉल'ला '--डाउनलोड-ओन्ली' जोडून सगळं उतरवून ठेवतो. बसवायचं मागाहून, लॅपटॉप चार्ज असताना.