शब्दचर्चा: 'सेकंडरी डीएनएस'ला मराठीत काय म्हणायचं?

ऐरोलीकर
सोसायटीतल्या मंडळींसाठी घरच्या लिनक्स सर्व्हरचं टिपण मराठीत लिहितोय. राउटरच्या सेटिंगच्या पानावर दोन रकाने आहेत, प्रायमरी आणि सेकंडरी डीएनएस (डीएनएस म्हणजे नावावरून आकडी पत्ता सांगणारी सेवा). पहिल्यात घरचा सर्व्हर १९२.१६८.१.१०, दुसऱ्यात क्लाउडफ्लेअरचा सार्वजनिक डीएनएस १.१.१.१ भरायला सांगणार आहे. दुसऱ्याला 'दुय्यम' म्हणू की 'पर्यायी'?

कोपरी पूर्व
'पर्यायी' नकोच. वाचणाऱ्याला वाटतं, पहिल्याला नाव सापडलं नाही की दुसऱ्याला विचारतात. पण 'असं नाव अस्तित्वात नाही' हेही पूर्ण उत्तरच असतं. ठाणे स्टेशनच्या चौकशी खिडकीवर 'अशी गाडी नाही' म्हटलं की विषय संपला. शेजारच्या खिडकीकडे जायचं ते पहिली बंद असेल तरच. जीलिबसी (लिनक्समध्ये प्रोग्रामांच्या वतीने नावं विचारणारी लायब्ररी) डीफॉल्टने ५ सेकंद वाट पाहते आणि मग पुढच्या पत्त्याकडे वळते. रिझॉल्व्ह.कॉन्फ या डीएनएस पत्त्यांच्या फाइलमधले पहिले तीनच नेमसर्व्हर ती धरते, चौथी ओळ वाया जाते.

ऐरोलीकर
मग 'राखीव'?

घणसोली सेक्टर ७
तोही फसवा, कारण राखीव म्हटलं की मूळचा परत आल्यावर हा बाजूला होईल असं वाटतं. सिस्टमडी-रिझॉल्व्हड (अनेक लिनक्स यंत्रांवर नावं शोधून देणारं सॉफ्टवेअर) तसं वागत नाही. लाइट गेली, सर्व्हर बंद पडला, की ते १.१.१.१ वर सरकतं आणि तो उत्तरं देतोय तोवर तिथेच राहतं. सर्व्हर पुन्हा चालू झाला तरी भांडार.होम.आर्पा हे घरापुरतं नाव सापडत नाही, बाकी इंटरनेट मात्र व्यवस्थित. लोक मग विनाकारण सर्व्हर उचकतात. आधी 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' ही आज्ञा चालवून 'करंट डीएनएस सर्व्हर' ही ओळ पाहावी.

'राखीव' हा शब्द रिझॉल्व्हड.कॉन्फ या त्याच्या सेटिंगच्या फाइलमधल्या 'फॉलबॅकडीएनएस'साठी ठेवा. दुसरा कुठलाच डीएनएस पत्ता माहीत नसेल तेव्हाच तो वापरला जातो.

कोपरी पूर्व
आणि 'दुय्यम' आधीच अडकलेला आहे. १९८७च्या आरएफसी १०३४ या इंटरनेट मानकापासून सेकंडरी म्हणजे झोनची (एका नावाखालच्या नोंदींच्या संचाची) अख्खी नक्कल मुख्य सर्व्हरकडून उतरवून घेणारा आणि त्या झोनबद्दल अधिकाराने उत्तर देणारा सर्व्हर. १.१.१.१कडे तुमच्या होम.आर्पाची नक्कल नाही, त्याला दुय्यम कसं म्हणणार? माझं मत: सरळ 'पहिला पत्ता', 'दुसरा पत्ता' लिहा.

ऐरोलीकर
पटलं. मग दुसऱ्या पत्त्यात काय भरायला सांगू?

घणसोली सेक्टर ७
१.१.१.१ नको. घरात दुसरं यंत्र असेल आणि त्यावर त्याच नोंदी ठेवल्या असतील तर त्याचा पत्ता. नसेल तर रिकामा. काही राउटर रिकाम्या रकान्याच्या जागी स्वतःचाच पत्ता वाटतात, तिथे दोन्हींत १९२.१६८.१.१० भरा. सर्व्हर बंद असताना घरातलं नेटही अडेल, हे टिपणात स्पष्ट लिहा. आणि बदल केल्यावर प्रत्येक फोन-लॅपटॉपचं वाय-फाय बंद-चालू करायला सांगा. नाहीतर डीएचसीपीचं (राउटर यंत्रांना पत्ते वाटतो त्या व्यवस्थेचं) नूतनीकरण होईपर्यंत जुनेच पत्ते चालत राहतात.