टॉप सर्जरीनंतरचं कॉम्प्रेशन वेस्ट: ऑक्टोबरच्या उकाड्यात कसं निभवायचं? सल्ला हवाय

येऊरपायथा
नमस्कार मंडळी. माझी टॉप सर्जरी झाली, म्हणजे ट्रान्स पुरुषाची छाती सपाट करायचं ऑपरेशन. डबल इन्सिजन (दोन्ही बाजूंना आडवा छेद), निपल ग्राफ्टसकट (निपल काढून नव्या जागी लावलेले). ड्रेन (आतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या) निघाले, निपलवर शिवलेले बोळेही काढले. तब्येत चांगली आहे आणि मी खूप आनंदात आहे, हे आधी सांगतो.

अडचण आहे ती पट्ट्याची. हॉस्पिटलातून रुंद इलॅस्टिकचा, वेल्क्रोवाला पट्टा दिलाय. सहा आठवडे रात्रंदिवस घालायचा, फक्त आंघोळीपुरता काढायचा, असं सर्जननी सांगितलंय. पण बसलो की तो वर सरकतो, काखेत काचतो, आणि खालची कड मुडपून बरगडीवर लालभडक वळ उठतो. मानपाड्याला आईसोबत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, दुपारी स्लॅब तापतो. आई फार काळजी करतेय. पाठभर घामोळं आलंय.

पट्ट्याऐवजी बनियनसारखं शिवलेलं वेस्ट घ्यावं का? ठाण्यात किंवा वाशीकडे कुठे मिळेल, आणि दुकानात काय म्हणून मागायचं? काउंटरवर चार माणसांसमोर माझी सगळी हकिगत सांगायची माझी तयारी नाही. किती घट्ट म्हणजे पुरेसं घट्ट? शिवाय दिवाळीआधी ऑफिस सुरू करायचंय, ऐरोलीला, ट्रान्सहार्बरच्या लोकलने. ज्यांनी हे काढलंय त्यांनी कृपया सांगा.

कोपरखैरणेकर
मित्रा, मनापासून अभिनंदन!

दुकानात सरळ गायनेकोमास्टियाच्या ऑपरेशननंतरचं मेल कॉम्प्रेशन वेस्ट माग. पुरुषांची वाढलेली छाती कमी करायचं ऑपरेशन आपल्याकडे सर्रास होतं, त्यामुळे सर्जिकलवाल्यांना हे नाव पाठ असतं. कोणी वळून बघत नाही. आपलं कामही त्याच वेस्टने होतं. एका दुकानात मी कॉम्प्रेशन बनियन एवढंच म्हणालो, तर मालक पेशंट कोण, कशासाठी पाहिजे, असं मोठ्याने विचारत बसला. तिथून निघालो आणि पुढच्या दुकानात हे नाव घेतलं. त्या माणसाने काही न विचारता टेप काढली. मोठ्या हॉस्पिटलांच्या आसपासची सर्जिकलची दुकानं आधी फोनवर विचार, ठाणे स्टेशन-नौपाड्याकडची आणि वाशीतलीही. माप हाताशी नसेल तर बरेच जण मागवून देतात. ऑनलाइनही मिळतं, पण परत घेतात का ते आधी वाच. अंगाला लागलेली वस्तू बरेच विक्रेते परत घेत नाहीत.

पुढून उघडणारंच घे. डोक्यावरून घालायचं कितीही चांगलं दिसलं तरी नको, कारण हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. चेनच्या आत हुकांची पट्टी असलेलं सगळ्यात सोयीचं. हुकांच्या दोन-तीन ओळी असतात. आत्ता सूज आहे तोवर सगळ्यात सैल ओळ, सूज उतरली की आतली. माप शर्टाच्या साइजवरून घेऊ नकोस. काखेखालून एक, छातीच्या मधून एक, बेंबीजवळ एक, टेप त्वचेला टेकेल इतपत, आवळून नाही. आईला घ्यायला सांग, स्वतः घेताना हात वर जातात. लांबी बरगड्यांच्या खालपर्यंत हवी. आखूड वेस्टची कड गुंडाळली जाते आणि तुझा आत्ताचा वळ तसाच राहतो.

दोन घे. एक अंगावर, एक वाळत. इथे पैसे वाचवू नकोस.

आणि एक महत्त्वाचं: सर्जरीच्या आधीचा जुना बाइंडर कपाटात असेल तर तो वापरू नकोस. तो पुढून दाबून छाती सपाट दिसावी म्हणून बनवलेला असतो, ताज्या टाक्यांसाठी नाही.

वॉर्डातली_सिस्टर
मी सर्जिकल वॉर्डात काम करते. तुमच्या सर्जनच्या सूचनेच्या वर माझं काही नाही, पण हे दडपण कशासाठी असतं ते समजलं तर निम्मे प्रश्न सुटतात.

ऑपरेशनमध्ये आतली स्तनाची ऊती काढून टाकतात, म्हणजे कातडी आणि छातीचा स्नायू यांच्यामध्ये पोकळी राहते. शरीर तिथे पाणी सोडतं. ते साठलं की त्याला सेरोमा म्हणतात. ड्रेन असेपर्यंत ते बाहेर येतं, ड्रेन निघाले की दडपणाचं काम वाढतं: कातडी खालच्या थराला नीट टेकून राहिली पाहिजे, म्हणजे ती तिथे चिकटते. त्यासाठी हलकं, सगळीकडे सारखं आणि सतत दडपण लागतं. खूप घट्ट बांधल्याने लवकर बरं होत नाही. उलट घडीच्या जागी रक्तपुरवठा कमी होतो, फोड येतात, आणि निपल ग्राफ्ट तर नव्या जागी रक्तवाहिन्या रुजायची वाट बघत असतात, त्यांना रगडणं अजिबात चालत नाही. ग्राफ्टवर सर्जननी सांगितलंय तोवर न चिकटणारं ड्रेसिंग, पॅराफिन गॉझ वगैरे, आणि त्यावर वेस्ट. वरची खपली काळपट दिसली की पोरं घाबरतात. बरेचदा ती वरची साल असते, पण फोटो काढून सर्जनला दाखवा. नखाने खरवडू नका.

घट्टपणा असा बघा: कडेखालून दोन बोटं सरकली पाहिजेत, पोट भरून श्वास घेता आला पाहिजे, जेवल्यावर गुदमरायला नको. वेस्ट काढल्यावर फिकट रेघा दिसून अर्ध्या तासात जात असतील तर ठीक. लाल वळ तसाच राहत असेल, कातडी सोलवटत असेल, हाताला मुंग्या येत असतील, तर माप चुकलंय. तुमचा बरगडीवरचा वळ मला बरा वाटत नाही, तो पुढच्या ड्रेसिंगला दाखवाच.

एका बाजूला अचानक फुगलं, ताण आला, जांभळं पडलं आणि दुखायला लागलं तर आत रक्त साठत असू शकतं. वेस्ट आणखी आवळायचं नाही, लगेच फोन करायचा. ताप, पू, पसरत जाणारा लालपणा, तेव्हाही थांबायचं नाही. छातीत दुखून धाप लागली किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखली तर रात्र आहे की दिवस हे न बघता थेट कॅज्युअल्टीत जा.

नेरूळची_आई
बाळा, माझ्या मुलाचं हेच ऑपरेशन झालं. तुझी आई जिवाला लावून घेते आहे म्हणून तिच्यासाठी लिहिते, तिला वाचायला दे.

वेस्टच्या आत उलटं करून बनियन घालायचं, म्हणजे शिवण बाहेर राहते. जुनं, धुऊन मऊ झालेलं, बिनबाह्यांचं, पुढून उभं कापून घेतलेलं. आमच्या सर्जननी टाक्यांवरचं ड्रेसिंग झाकलेलं असेल तर चालेल असं सांगितलं होतं, तुम्हीही विचारून घ्या. काखेत काचायचं तिथे मी नऊवारीचा धुतलेला मऊ तुकडा घडी करून ठेवत असे, टाक्यांपासून लांब, फक्त चांगल्या कातडीवर. दुपारी घामाने भिजला की बदलायचा. हुक मी लावायचे, खालून वर, आणि दर दोन हुकांनंतर बनियनची सुरकुती बोटाने सपाट करायची. एवढी एक सुरकुती रात्रभर राहिली की सकाळी तिथे रेघ काढल्यासारखा वळ.

पहिल्यांदा आंघोळीला वेस्ट काढलं तेव्हा त्याला एकदम गरगरलं. दडपण गेलं की असं होतं, असं नंतर डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल, आधी बसायचं मग हुक काढायचे, आणि दाराला कडी नाही. तुझ्या आईला हे जरूर सांग.

वेस्ट धुताना साधा साबण, कोमट पाणी, हाताने. ब्लीच नाही, कपडे मऊ करायचं ते सुगंधी पाणी नाही, पिळणं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत पंख्याखाली आडवं वाळत घालायचं. कडक उन्हात इलॅस्टिक मरतं.

घामोळ्यावर पावडर मारू नकोस, ती टाक्यांकडे जाते. अंग ओल्या कपड्याने टिपायचं, कोरडं करायचं, मगच वेस्ट.

वॉर्डातली_सिस्टर
काकूंचं शंभर टक्के बरोबर. एकच जोडते: खाज आणि लाल चकंदळं आली की मेडिकलवाला एक पांढरं मलम हातात देतो. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. खाज दोन दिवस थांबते, पण नायटा असेल तर तो पसरतो, आणि टाक्यांजवळ तर ते लावूच नये. कातडीच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.

कळवाखाडी
मला तर तीन आठवड्यांनी काढायला सांगितलं होतं. कीहोल होतं माझं, म्हणजे छोट्या छेदातून केलेलं. माझ्या ओळखीत एकाच्या सर्जननी वेस्ट दिलंच नव्हतं, नुसतं ड्रेसिंग. दोघांचंही छान बरं झालं. सहा आठवडे हा काही कायदा नाही ना?

वॉर्डातली_सिस्टर
कायदा नाही. किती आठवडे यावर सर्जनांमध्येच एकमत नाही, आणि पद्धतीनुसार, सूज किती आहे त्यानुसार, बाजूने लायपोसक्शन (चरबी शोषून काढणं) केलंय का त्यानुसार सल्ला बदलतो. पण म्हणून दुसऱ्याच्या सर्जनचा आकडा आपल्या छातीला लावू नका. उकाड्याने जीव नकोसा झाला असेल तर तुमच्याच सर्जनला विचारा की दिवसातून तासभर काढून पंख्याखाली बसलं तर चालेल का. हा प्रश्न विचारायला पेशंट उगाच लाजतात.

ऐरोली_सेक्टर
प्रवासाचं सांगतो, कारण तुझाच रूट माझाही होता.

गाडी ठाण्यातूनच सुटते याचा फायदा घे. एक गाडी सोड, पुढची रिकामी लागली की खिडकीशी बस. उभं राहायचं नाही, कारण उभं राहिलास की वरची कडी धरावी लागते आणि तो हात अजून वर जायचा नाही. गर्दीत कोणाचं कोपर कुठे लागेल सांगता येत नाही. बॅग मांडीवर ठेव, पाठीला लावू नकोस, तिचे पट्टे थेट टाक्यांच्या टोकांवर येतात. डबा आणि लॅपटॉप मिळून वजन पाहून घे, सर्जननी किती किलोची मर्यादा सांगितलीय ते. सुरुवातीला घरून काम मिळत असेल तर घे. ऑफिसला नुसतं छातीचं ऑपरेशन झालंय एवढं पुरे. फिटनेस सर्टिफिकेटवर काय लिहायचं ते हॉस्पिटलला आधीच सांगून ठेव, तिथल्या टायपिस्टने सगळं उलगडून लिहायची गरज नाही.

रिक्षा घेतलीस तर मांडीवर छोटी उशी ठेव. घोडबंदरचे खड्डे आले की ती छातीशी धरायची. खोकला आणि शिंक आली तरी तसंच. टू-व्हीलर, मागे बसूनसुद्धा, अजून नको.

वर घालायला ढगळ, गडद, चौकटीचा सुती शर्ट. वेस्टच्या कडा दिसत नाहीत आणि घामाचे डागही.

येऊरपायथा
सगळ्यांचे खूप आभार. सिस्टर, वळ दाखवला. पट्टा लहान मापाचा होता, सर्जननी वेस्ट घ्यायला लगेच हो म्हटलं आणि संध्याकाळी थोडा वेळ काढून बसायची परवानगीही दिली. नौपाड्यात वेस्ट मिळालं, कोपरखैरणेकर दादाने सांगितलं त्याच नावाने मागितलं, दुसरं मागवलंय. काकू, आईने तुमचं लिहिलेलं मोठ्याने वाचलं, आणि बाथरूममध्ये आता स्टूल आहे.

एकच राहिलं. सहा आठवडे झाले की एकदम सोडायचं का? आणि व्रणांसाठीच्या सिलिकॉनच्या पट्ट्या वेस्टच्या आत लावता येतात का?

कोपरखैरणेकर
मी हळूहळू सोडलं. आधी दिवसा काढलं, रात्री घालत राहिलो, संध्याकाळी सूज जाणवली तर पुन्हा थोडा वेळ घातलं. सर्जननीच तसं सांगितलं होतं. सूज पूर्ण उतरायला कित्येक महिने लागतात, त्यामुळे सहा आठवड्यांनी आरशात जे दिसतं ते शेवटचं धरू नकोस.

वॉर्डातली_सिस्टर
सिलिकॉन जखम पूर्ण बंद झाल्यावरच, खपली असेपर्यंत नाही. वेस्टच्या आत शीट चालते, पण आपल्या हवेत खाली घाम साठतो. रोज काढून शीट आणि कातडी दोन्ही धुवायची, कोरडी करायची, आणि सुरुवातीला दिवसातले थोडेच तास. घामोळं परतलं तर शीट सोडून सिलिकॉन जेलवर या. ते पातळ लावून वाळू द्यायचं, मग वेस्ट.

नेरूळची_आई
आणि दिवाळीच्या साफसफाईला माळ्यावर चढायचं नाही. आईला म्हणावं, या वर्षी जाळी तशीच राहू दे.